उतू गेलेल्या दुधाचं निदान

आपलं लक्ष कुठेही टिकत नाही हे सिद्ध करायचं असेल, तर आधी एका जागी बसून पुष्कळ पानांचे फॉर्म लक्षपूर्वक भरावे लागतात. ते न हरवता, दिलेल्या तारखेच्या आत, सहीसकट परत करावे लागतात. शिवाय शाळेतली प्रगतिपुस्तकं आणावी लागतात, म्हणजे चाळीस वर्षं कागद जपून ठेवलेले असावे लागतात. ज्याला हे सगळं वेळेत जमलं त्याला काहीही झालेलं नाही असं समजून दारातूनच परत पाठवायला हरकत नाही, आणि ज्याला जमलं नाही त्याची तपासणीच होत नाही. ही पद्धत ज्याने आखली त्याने उमेदीची काही वर्षं सरकारी खात्यात काढली असणार.

मला या तपासणीला पाठवलं भाचीने. ती मानसशास्त्र शिकते. दिवाळीला आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा ओट्यापाशी उभी राहून मला चहा करताना बघत होती. मी आधण ठेवलं, आलं किसायला घेतलं, किसणी शोधताना जुना टिफिन सापडला, टिफिनचं झाकण वरच्या कप्प्यात आहे हे आठवलं, तो कप्पा किती दिवस आवरायचा होता. भाचीने गॅस बंद केला आणि म्हणाली, "मावशी, तू एकदा तपासून घे ना." मला वाटलं थायरॉइड म्हणते आहे. माझ्या वयाच्या बाईला कुणीही काहीही तपासून घ्यायला सांगितलं की ते थायरॉइडच असतं. मी 48 वर्षांची आहे.

पण तिच्या मनात होतं एडीएचडी, आणि चहा पिता पिता तिने त्याला ऑटिझमही जोडला. मी म्हटलं, ते लहान मुलांचं असतं. ती म्हणाली, "ती मुलं पुढे कुठे जातात, मावशी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

क्लिनिक दादरला होतं. तिथल्या बाहेरच्या खोलीनेही मुलं पुढे कुठे जातात याचा विचार केलेला नव्हता. खुर्च्या वीतभर उंचीच्या, भिंतीवर छोटा भीम, कोपऱ्यात रंगीत चेंडूंचा हौद. मी एका लाल खुर्चीत बसले तर गुडघे हनुवटीला टेकले. शेजारच्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "तुमचा आत गेलाय का?" मी म्हटलं, "नाही, मीच जायची आहे." त्यांनी आपल्या मुलाला थोडं जवळ ओढून घेतलं. तो मुलगा मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघायला लागला.

पहिला कागद एडीएचडीचा, 18 प्रश्नांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाचा, त्यामुळे मी जरा पदर सावरून बसले. कामाचा शेवटचा किचकट भाग राहून जातो का, भेटीच्या वेळा विसरता का, फार वेळ बसावं लागलं तर हातापायांची चुळबुळ होते का, अशी विचारपूस. उत्तरं 'कधीच नाही'पासून 'अगदी नेहमी'पर्यंत पाच. पहिले 6 प्रश्न चाळणीचे, आणि त्यांतल्या ज्या चौकटींत खूण केली की शंका बळावते त्या चौकटी छापतानाच गडद केलेल्या. सहांपैकी चार खुणा गडद भागात पडल्या की पुढची तपासणी. परीक्षेच्या कागदावरच उत्तरं छापून देणारी ही संघटना आमच्या वेळी शिक्षणखात्यात असती, तर माझं गणित सुटलं असतं.

दुसरा कागद ऑटिझमचा, केंब्रिजहून आलेला. 2001 साली सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला, 50 विधानांचा. त्यांच्या अभ्यासात 32 आणि त्याच्या वर गुण मिळणाऱ्यांकडे नीट बघावं असं ठरलं होतं. इथे माझी गाडी अडली. मी पोटासाठी मुद्रितशोधन करते. छापील मजकूर दिसला की माझा हात आपोआप समासात जातो. 'पार्टीपेक्षा ग्रंथालयात जायला मला आवडेल' असं विधान होतं. ग्रंथालय कोणतं? दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असेल तर जाईन, पण जिथे पुस्तक मागितल्यावर आधी पावती मागतात तिथे नाही. आणि पार्टी कुणाची? किती जणांची? जेवण बुफे आहे की पंगत? मी समासात तसं लिहिलं. 'संग्रहालयापेक्षा नाटकाला जायला आवडेल' यावर ठाम होकार दिला, आणि त्याचा अर्थ म्हणे मी माणसांत रमणारी आहे. आता नाटकात काय असतं? खुर्चीचा नंबर ठरलेला, तिसरी घंटा ठरलेली, मध्यंतराचा वडा ठरलेला, सगळी माणसं समोर एका पट्टीत उभी राहून पाठ केलेलं बोलतात, आणि तुम्ही त्यावर काही बोलावं अशी कुणाचीही अपेक्षा नसते. याहून सुखाचा मनुष्यसहवास मला माहीत नाही. हेही समासात लिहिलं.

गाड्यांच्या नंबरांकडे लक्ष जातं का, असंही एक विधान होतं. क्लिनिकखाली उभ्या असलेल्या तीन गाड्यांत एकच एमएच 05 म्हणजे कल्याणची होती आणि तिच्या चार आकड्यांची बेरीज 19 येत होती, हे मी मनातच ठेवलं.

आत बसलेली मानसशास्त्रज्ञ मुलगी माझ्या जवळजवळ निम्म्या वयाची. तिने माझा फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, हे लाल पेनाने…"

"तिथे स्वल्पविराम हवा होता."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "रोजच्या क्रमात बदल झाला तर त्रास होतो का?"

मी डोंबिवलीला राहते. रोज तीच फास्ट, तोच लेडीज डबा, तोच दरवाजा, आणि कुर्ल्याला उतरणाऱ्या बाईची तीच खिडकी, जी ठाण्याच्या आधीच माझ्या नावावर झालेली असते. प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा झाली की मला छातीत धडधडतं. पण ती घोषणा झाल्यावर प्लॅटफॉर्मवरच्या हजारभर माणसांचा जो आवाज निघतो, तो काही आनंदाचा नसतो. मी म्हटलं, "डोंबिवलीत कुणाला होत नाही?" तिने पेन खाली ठेवलं. एकाला झालं तर लक्षण आणि अख्ख्या फलाटाला झालं तर उपनगर, यात रेघ कुठे ओढायची हा प्रश्न तिच्या अभ्यासक्रमात नसावा.

माझी अडचण अशी होती की मी दोन्हीकडून अर्धी अर्धी पास होत होते. मला रविवारी पोहेच लागतात, त्याच ताटलीत, वर शेव नको. आणि त्याच रविवारी पोहे भिजवलेत हे मला तासाभराने आठवतं. पुस्तकांचा कप्पा लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेला आहे. चष्मा कुठे आहे ते मात्र घरात दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं. माझ्यातली एक बाई सगळं जिथल्या तिथे असावं म्हणून हट्ट धरते आणि दुसरी ते उचलून नेते. आयुष्यभर या दोघींची भांडणं सोडवण्यात माझा वेळ गेला, आणि लोक समजतात मी आळशी आहे.

मुलगी म्हणाली, दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे. पण अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ग्रंथात 2013 च्या आवृत्तीपर्यंत तसं लिहिताच येत नव्हतं. ऑटिझमचं निदान झालं की एडीएचडीचा अर्ज बाद. एका घराला एकच गॅसजोडणी असा तो नियम होता. 2013 साली पाचवी आवृत्ती आली आणि दुसरा सिलिंडर मंजूर झाला. त्याच आवृत्तीने आणखी एक सवलत दिली: लक्ष न लागण्याच्या 9 लक्षणांपैकी मुलांना 6 लागतात, 17 वर्षं पूर्ण झालेल्यांना 5 पुरतात. चुळबुळीच्या 9 लक्षणांनाही तोच हिशोब. वयाचा मान म्हणून मला आजवर मिळालेली ही पहिली सूट.

एक अट मात्र कडक. यातलं बरंचसं वयाच्या 12 वर्षांच्या आत दिसलेलं असलं पाहिजे. म्हणजे पुरावा हवा, आणि साक्षीदारही. "लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कुणी आहे का?" मी म्हटलं, आई आहे. हे बोलून गेले आणि मग लक्षात आलं की आईला बोलावलं तर आत्यालाही बोलवावं लागेल, कारण आईने एकटीने दिलेली माहिती आत्याने आजवर कधीच मान्य केलेली नाही.

आई 76 वर्षांची, समक्ष हजर. आत्या मिरजेला असते, तिला फोनवर घेतली. तिने फोन असा धरला होता की संपूर्ण सुनावणीत आम्हाला तिचं फक्त कपाळ दिसत होतं. पण त्यावरच्या आठ्या स्पष्ट दिसत होत्या.

आईने पहिल्याच प्रश्नाला मान ताठ केली. मुलीत खोट म्हणजे वळणात खोट, आणि वळण कुणी लावलं, तर तिने. "काही नव्हतं हो हिला. अगदी गुणी. एका जागी बसवली की बसायची."

"किती वेळ?"

"उचलेपर्यंत."

पेन हललं. आईने ते पाहिलं आणि घाईघाईने सावरून घेतलं, "म्हणजे खेळायचीसुद्धा!"

"काय खेळायची?"

"बटणं लावायची. ओळीत." पेन पुन्हा हललं. "रंगाप्रमाणे," आई म्हणाली, आणि थांबली.

"मैत्रिणी होत्या?"

"खूप."

"एक नाव सांग," फोनमधून कपाळ म्हणालं.

"ती… कोपऱ्यावरची यायची की रोज."

ती रोज यायची हे खरं. पण आमच्याकडे टीव्ही होता आणि त्यांच्याकडे नव्हता. ती टीव्हीकडे बघायची, मी टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाच्या गाठी मोजायची, आणि आम्हा दोघींचं छान चालायचं.

मग आत्याने घसा खाकरला. चाळीस वर्षं एखादा मुद्दा राखून ठेवलेला माणूस ज्या शांतपणे बोलतो, त्या शांतपणे ती म्हणाली, "सुमन, त्यांना दुधाचं सांग."

"वन्सं, तो विषय इथे कशाला?"

"मग मी सांगते. आमच्या बाळूची मुंज. सासूबाईंनी बासुंदीसाठी दोन लिटर दूध आटवायला ठेवलेलं. व्याही पोचायचे होते. हिला सांगितलं, दुधाकडे बघ. पंधरा मिनिटांनी मी आले तर दूध स्टोव्हवर, ओट्यावर, ओट्याखाली, आणि ही पुढ्यात उभी. बघते आहे."

"तिला बघ म्हटलं होतं, तिने बघितलं," आई म्हणाली.

"सांगितलं कुणी होतं?"

"मी सांगितलं. लहान पोर ती. दोन लिटर दुधापाशी सहा वर्षांची मुलगी उभी करायची वेळ माझ्यावर कुणामुळे आली ते विचारा, मी तुमच्या चुलतसासऱ्यांना वाढत होते."

"सहा नव्हे, अकरा."

इथे मुलगी सावध झाली, कारण वय महत्त्वाचं होतं. तिने विचारलं, कोणतं साल? आत्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, शहाऐंशीचा मे महिना. मुंजीची पत्रिका तिच्याकडे अजून आहे, अक्षता चिकटलेली. हिशोब झाला. मी 9 वर्षांची होते. कोर्ट मिरज पक्षाच्या बाजूने झुकलं नाही आणि डोंबिवली पक्षाच्याही, पण 12 ची अट पुरी झाली.

आता मुलगी माझ्याकडे वळली, आणि तिने जो प्रश्न विचारला तो चाळीस वर्षांत मला कुणीही विचारलेला नव्हता. सगळ्यांनी विचारलं होतं, अक्कल कुठे गेली होती? ती म्हणाली, "दूध उतू जात होतं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होता?"

तिचं म्हणणं असं की उतू गेलेलं दूध दोन्हीकडे सारखंच दिसतं. मन तिसरीकडेच भरकटलं आणि दूध गेलं, तर ते एका रकान्यात. सांगितलेलं शब्दशः ऐकलं, बघ म्हटलं म्हणून बघितलं, बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून केलं नाही, तर ते दुसऱ्या रकान्यात. एखाद्या गोष्टीत असा डोळा रुतला की हात हलवायचंच सुचलं नाही, तर ते कुठल्याही रकान्यात जाऊ शकतं, मग आणखी प्रश्न विचारायचे.

मी सांगितलं. साय आधी कडेने धरते. मग मधोमध एक फुगवटा येतो, तो फुटत नाही, सरकतो. पातेल्याच्या एका कडेला पोचा होता, तिथून साय पहिल्यांदा सुटली. दूध काठाला आलं की जरासं थबकतं, आणि मग एकदम सगळीकडून येतं. खाली स्टोव्हची निळी ज्योत पिवळी झाली, चरचर वाजली, वास आला. हे सगळं मला काल घडल्यासारखं आठवतं. बघायचं काम मी चोख केलं होतं. आणि मग दुधाचा ओघळ ओट्याच्या फरशीवरून जिथे गेला तिथे मुंग्यांची रांग होती, ती कशी वळली ते बघायला मी खाली वाकले, आणि दूध आहे हेच विसरले.

मुलीने लिहिता लिहिता पेन एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात नेलं. दोन्हींत खूण झाली.

"म्हणजे मी लबाड नव्हते," मी आत्याला म्हटलं.

"बासुंदी झाली नाही ती नाहीच," कपाळ म्हणालं.

आईने पिशवीतून प्रगतिपुस्तकं काढली. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक आणि माझी प्रगतिपुस्तकं तिने एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली आहेत. इयत्ता चौथीच्या शेऱ्यात बाईंनी लिहिलं होतं, 'बुद्धी चांगली. लक्ष द्यावे.' कुणी द्यावे ते लिहिलेलं नाही. मी लहानपणी समजले होते ते आईबाबांसाठी आहे, आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही याचं मला थोडं वाईटही वाटायचं.

मुलगी म्हणाली, तुमच्या वयाच्या बायका आता मोठ्या संख्येने येतात, कारण लहानपणी त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही. शोधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुलगेच होते. 1844 साली फ्रँकफुर्टच्या हाइनरिश होफमान नावाच्या डॉक्टरांनी आपल्या मुलासाठी चित्रपुस्तक केलं, त्याच्या पुढच्या आवृत्तीत जेवताना खुर्ची झुलवून टेबलक्लॉथसकट सगळं ताट-वाटी खाली आणणारा मुलगा. 1902 साली लंडनला जॉर्ज स्टिल यांनी व्याख्यानं दिली, त्यातही भरणा मुलग्यांचा. लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांवर लिहिलं, त्यात मुली 3. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे हान्स अॅस्पर्गर यांनी चौघांचं वर्णन केलं, चौघे मुलगे. टेबलक्लॉथ ओढायचं काम मुलीने केलं असतं तर होफमान यांनी तिला पुस्तकात घातलं असतं का, याची मला शंका आहे. आमच्याकडे तिला तो टेबलक्लॉथ धुवायला लावला असता.

मुली शिकतात हे झाकायला. त्यासाठीही एक 25 प्रश्नांचा कागद आहे: दुसऱ्यांच्या हालचाली बघून उचलता का, बोलायची वाक्यं आधी घोकून जाता का. मी म्हटलं, याला आमच्याकडे वळण म्हणतात. आणि खरं सांगायचं तर मराठी समाजाने माझ्यासारखीची उत्तम सोय करून ठेवली आहे, त्याचं श्रेय कुणी देत नाही. हळदीकुंकू घ्या. आधी हळद, मग कुंकू, मग अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण, ओटी. क्रम ठरलेला, बोलायचं वाक्य ठरलेलं, वाकायचं कधी ते ठरलेलं. नवऱ्याविषयी चारचौघींत काही बोलायचा प्रसंग आला, तर तेही यमकात, पाठ करून आलेलं चालतं. उत्स्फूर्तपणाला कुठेही वाव नाही. घोळ सुरू होतो तो वाण पिशवीत टाकल्यावर, कुणीतरी सोफ्यावर सरकून जागा करून देतं आणि म्हणतं, "मग, काय म्हणतेस?"

काय म्हणते मी? मी काहीही म्हणत नव्हते. या प्रश्नावर मी पूर्वी खरोखर विचार करून उत्तर द्यायची, आणि वाक्य तयार होईतो विचारणारी बाई दुसरीला तेच विचारत असायची. मग काही वर्षं इतर बायकांचं निरीक्षण केल्यावर कळलं की 'काही नाही गं, चाललंय, तू बोल' असं म्हणायचं असतं. ते मी आता अचूक म्हणते. फक्त ती खरंच बोलायला लागते याची तयारी अजून झालेली नाही.

राहिलेल्या चाचण्या थोडक्यात आटोपते. संगणकावर इंग्रजी अक्षरं येतात, प्रत्येकाला बटण दाबायचं, एक्स आला की दाबायचं नाही, असं 14 मिनिटं. यात माझं बरं चाललं असं मला वाटलं, पण नंतर कळलं की मी एक्सचीच वाट बघत होते. शब्द नसलेलं एक चित्रपुस्तक देऊन गोष्ट सांगायला लावतात. शब्दच नाहीत तर मी करू काय, एवढा वेळ पृष्ठक्रमांक तपासले. आणि एक प्रसंग तर असा की समोर बेसिन आहे असं समजा आणि दात कसे घासतात ते मला शिकवा. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी दादरला एका बंद खोलीत पैसे भरून हवेत दात घासताना माणसाच्या मनात जे यायचं ते सगळं आलं. पण मी मन लावून शिकवलं, वरचे, खालचे, दाढा, चूळ. ट्यूबचं टोपण लावायचं राहिलं. मुलीने त्याची नोंद केली नाही. आमच्याकडे नवऱ्याने केली असती.

अहवाल आला, इंग्रजीतला, बराच जाड. मी लाल पेन घेऊन बसले. माझ्या नावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं, एका तक्त्यातली बेरीज उजवीकडे सरकलेली, आणि मधल्या एका परिच्छेदात माझा उल्लेख मुलगा असा होता. त्याला खेळण्यातल्या गाड्या आवडतात, चाकं फिरवत बसतो आणि शाळेच्या बसमध्ये खिडकी मिळाली नाही तर रडतो. आधीच्या कुणाच्या तरी अहवालातून तो परिच्छेद आलेला होता हे उघड आहे. म्हणजे शेवटी माझं निदान व्हायला मुलगा व्हावंच लागलं. खिडकीपुरतं म्हणाल तर त्या पोराचं आणि माझं काही वेगळं नाही. दुरुस्त्या करून मी अहवाल परत पाठवला, आणि रात्री नवऱ्याने विचारलं की त्यात लिहिलंय काय, तेव्हा लक्षात आलं की निष्कर्षाचं पान मी फक्त विरामचिन्हांसाठी वाचलं होतं. दोन्ही आहे.

नवरा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आता पंखा चालू राहिला तर बोलायचं नाही का?"

कुणीतरी सुचवलं की प्रमाणपत्र काढून ठेव. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे; एडीएचडीला स्वतंत्र जागा नाही. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात तिच्यात 40 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. म्हणजे ज्याला काहीही नाही त्यालाही 40 गुण हजेरीचे मिळतात. 70 झाले की पुढे. मी ते काढायला गेलेले नाही. तिथेही फॉर्म आहे.

औषधाचं वेगळंच. ऑटिझमच्या मुळावर गोळी नाही, लक्षासाठी आहे, मेथिलफेनिडेट. ती औषधकायद्याच्या शेड्यूल एक्समध्ये येते, म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते. विसराळू माणसाच्या औषधाला दोन प्रती, म्हणजे एक हरवायला आणि एक दाखवायला, असं मला आधी वाटलं होतं. स्टेशनबाहेरच्या दुकानदाराने चिठ्ठी उजेडात धरली. "मुलाचं वय काय?"

"अठ्ठेचाळीस."

त्याने आतून दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून चिठ्ठी पाहिली, मग मला पाहिलं. "मागवावं लागेल," तो म्हणाला. "आठवणीने या."

घरी खरा कलह वेगळ्याच मुद्द्यावर लागला. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या दोन्हींत अनुवंशाचा वाटा मोठा दिसतो, असं मी भोळेपणाने बोलून गेले. आई लगेच म्हणाली, "आमच्या माहेरी कुणाला नाही." आत्याला हे कळायला तास लागला नाही. तिचा फोन आला, या खेपेस कपाळाबरोबर एक डोळाही होता. "आमच्या घराण्यात असलं काही नाही म्हणून सांग तिला. तुझे बाबा किती सरळ माणूस!"

"तेच मी म्हणते," आई म्हणाली. बाबांच्या बाबतीत दोघींचं एकमत असतं, निदान सुरुवातीला. "अगदी सरळ. जेवायला साडेबाराला पान म्हणजे साडेबाराला."

"बारा एकतीसला उठून जायचा," आत्या कौतुकाने म्हणाली.

"रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ. जायचं नसलं तरी."

"लग्नात बोहल्यावर उभा राहून भटजींची चूक काढली होती, आठवतं?"

"आठवतं ना. अंतरपाट माझ्यापुढे होता, मी मागे ताटकळत. आणि मंगळसूत्र खिशात विसरून ते शोधायला गेले होते सगळे."

"खिशातच होतं की."

"त्यांच्याच!"

दोघी हसत होत्या. मी विचारलं, त्यांना कधी कुठे दाखवलं होतं का? दोघी एकदम म्हणाल्या, "कशाला? त्याला काय झालं होतं?"

सुधारित अहवाल मिळाला तेव्हा आत्याने त्याची प्रत मागवून घेतली. साक्षीदार म्हणून आपलं काय छापलंय ते तिला बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन. दुसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत तिचा उल्लेख 'वडिलांची धाकटी बहीण' असा आहे. ती थोरली आहे, सव्वादोन वर्षांनी. शिवाय मिरजेचा पिनकोड चुकला आहे. हे आजच्या आज दुरुस्त झालं पाहिजे, आणि झाल्याचं तिला कळवलं पाहिजे, कारण ते होईपर्यंत तिला दुसरं काही सुचणार नाही.

आई शेजारीच होती. "राहू दे की," ती फोनकडे न बघता म्हणाली. "वरातीत नाचायला निघाल्या होत्या, तेव्हा बऱ्या धाकट्या होत्या."